न दिसलेली लाल पट्टी

ऑगस्टमधला मंगळवार, दुपारचे दोन. गेवराईच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात हजर तिघं: मी, माझे दीर आणि पुण्याहून आलेला एक अनोळखी तरुण. माझे यजमान मेंढरं घेऊन गोदावरीतल्या बेटावर गेले होते.

तो तरुण बटणांच्या फोनसाठी ब्राउझर तयार करत होता आणि कमी रेंजमध्ये तो चालतो का, हे बघायला आमच्याकडे आला होता. पान उघडेपर्यंत तो अंगठ्याच्या नखाने टेबलावर टकटक करत सेकंद मोजायचा. दिरांच्या फोनमध्ये तो ब्राउझर घालून, धरणातून पाणी सोडण्याच्या सूचना येतात ते पान त्याने चार टकटकींत उघडून दाखवलं.

“सूचना काईच न्हाई. वहिनी, दादाला ऱ्हाऊ द्या तिथंच,” दीर म्हणाले.

खात्रीसाठी तरुणाने लॅपटॉपवर तेच पान उघडलं. तिथे वरच्या बाजूला लाल पट्टी सरकत होती: चार वाजता नदीत पाणी सोडणार. त्याचं नख थांबलं.

“ताई, पान हलकं व्हावं म्हणून मी हलणारं सगळं गाळतो,” तो हळू आवाजात म्हणाला.

“मंग आमी मरायचं का बे?” दीर उठले.

यजमानांचा फोन तिसऱ्या खेपेला लागला. ते लगेच निघाले. पण तरुणाने मान खाली घालून आणखी एक सांगितलं. गेल्या आठवडी बाजारात नदीकाठच्या बऱ्याच लोकांना त्याने हाच ब्राउझर फोनमध्ये घालून दिला होता. नावं लिहून घेतली नव्हती.

मेंढरांच्या हिशेबाच्या माझ्या वहीत नदीकाठच्या ज्या गावांतले नंबर होते, त्या सगळ्यांना मी कळवलं. तो ब्राउझर घेतलेली बाकीची माणसं कोण होती, हे शोधायचं अजून राहिलं आहे.