खाऱ्या पाण्यावरची हरळी

नवी जमीन दिसली की आमचे ड्रिल मास्तर आधी खाली वाकत, चिमूटभर माती उचलत आणि जिभेच्या टोकाला लावत. मग तीर्थ घेतल्यासारखा चेहरा करून म्हणत, "खारी आहे. पण चालेल." तुम्ही कुणी त्या काळी खेड्यातल्या शाळेत नोकरी केली असेल, तर तुमच्याकडेही असा एखादा वेडा असणार. फक्त तो माती खात नसेल.

आमची शाळा नगर जिल्ह्यात, कॅनॉलच्या पट्ट्यात. उसाला पाणी पाजून पाजून भोवतालच्या जमिनींना मीठ फुटलं होतं. शाळेचं मैदान तर उन्हाळ्यात चुना सांडल्यासारखं पांढरं दिसे. विहिरीचं पाणी मचूळ. कबड्डीत पोरगं पडलं की गुडघा सोलायचा आणि सोललेल्या गुडघ्यात ते मीठ जायचं. पोरांचं ते ओरडणं मास्तरांना सहन होत नसे. त्यांना मैदानावर गवत हवं होतं, बस्स. आम्हा बाकीच्यांना बढती हवी होती.

त्यांनी निवडली हरळी. शेतकऱ्याच्या घरात हरळी म्हणजे भाऊबंदकीइतकी जुनी पीडा. मैदानाला लागून ज्यांचं शेत होतं ते तात्या कंपाउंडावर हात टेकून म्हणायचे, "मास्तर, आमचा बाप हिला खांदून खांदून मेला, आन तुमी पानी घालता व्हय? आमच्या बांधावरची बी न्या की. फुकाट हाय." मास्तर खरंच गेले आणि घेऊन आले.

केडगावपासून शेवगावपर्यंत जिथे लग्नाला, बारशाला जात तिथून ते पिशवीत हरळीच्या कांड्या आणत. फुटक्या माठांत लावत आणि पाण्यात थोडं थोडं मीठ वाढवत पाजत. बहुतेक माठांत आधी शेंडे करपत, मग सगळीच मान टाकी. एकदा मास्तरांच्या घरी जेवायला बसलो असताना वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, आमच्या घरी भाजी अळणी आणि हरळी खारट." मास्तर खाली मान घालून जेवत राहिले.

शेवटी एक टिकली. ओढ्याकाठच्या पांढऱ्या पडलेल्या जागेतली. खुरटी, बारीक पानाची, वाढ इतकी मंद की बघणाऱ्याला कंटाळा यावा. मास्तरांनी माठ फोडून मला मुळं दाखवली. वर बोटभर गवत, खाली हातभर मुळं. "ही वर शोभा करत बसत नाही," ते म्हणाले. मला आमच्या संस्थेचे चेअरमन आठवले. त्यांचं नेमकं उलट होतं.

मैदानभर ती पसरायला दोन पावसाळे गेले. मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहीर तळाला गेली, उरलंसुरलं पाणी आणखीच खारं झालं. मैदान तपकिरी पडलं.

"मेली," हेडमास्तर म्हणाले.

"झोपलीय," मास्तर म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात ती उठली. पोरं पडायची आणि हसत उठायची. पंधरा ऑगस्टला चेअरमननी झेंड्याखाली जाहीर केलं, "हे मैदान मास्तरांचं. इथं कुणी हात लावायचा नाही." टाळ्या झाल्या. व्यासपीठावरचं बोलणं खरं मानणारा माणूस मी मास्तरांशिवाय पाहिलेला नाही.

त्याच वर्षी थंडीत शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्री येणार असं ठरलं. आणि त्याच सुमारास आमची पोरं मास्तरांबरोबर कबड्डीच्या सामन्यांना शेवगावला मुक्कामी निघाली. हेडमास्तरांनी मास्तरांना जंगी निरोप दिला. हार, पेढे, लेझीम. मला म्हणाले, "तुम्ही बोला. तुम्हाला मराठी चांगलं येतं." समारंभांचा मला तिटकारा. पण हा एक तरी समारंभ खरा आहे असं वाटून मी मनापासून बोललो. मास्तरांनी रुमालाने डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी गाव कुदळी घेऊन मैदानात उतरलं. मंत्र्यांना हरळीवर कसं बसवायचं, म्हणून चेअरमननी पुण्याहून तयार लॉन मागवलं होतं. हेडमास्तरांनी श्रमदानाची दवंडी पिटवताना मास्तरांचीच इच्छा आहे असं सांगितलं होतं. मी गेटात उभा राहून "थांबा, थांबा" म्हणत होतो. तात्या म्हणाले, "गुर्जी, तुमाला काय कळतंय ह्यातलं? हरळी खांदायलाच आमी जल्मलोय."

ते खरं होतं. उकरायची, ढेकळं फोडायची, पांढरी काडी न् काडी वेचायची आणि ढीग करून पेटवायची. ज्याच्या रानात हरळी दिसते त्याला आमच्याकडे लोक नावं ठेवतात. मास्तरांना कुणी नावं ठेवू नयेत म्हणून गावाने एक काडीसुद्धा ठेवली नाही.

मास्तर परतले तेव्हा मैदानावर लॉनचे चौकोन बसले होते. तात्या पुढे झाले. "मास्तर, एक मूळ ऱ्हाऊ दिलं न्हाई बगा. तुमचं काम म्हनून लई जीव लावून केलं."

मास्तरांनी वाकून लॉनच्या एका चौकोनाचा कोपरा उचलला, खालची माती पाहिली. मग म्हणाले, "दिसतंय, तात्या. काम चांगलं झालंय." तात्यांना त्यांनी खरं कधीच सांगितलं नाही.

मंत्री आले, हार घालून घेतले, गेले. लॉन मचूळ पाण्यावर पिवळं पडत पडत संक्रांतीपर्यंत संपलं. हेडमास्तर शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाले, "मास्तर, तुमची ती हरळी पुन्हा लावा ना. ओढ्याकाठी मिळेल की."

"मिळेल," मास्तर म्हणाले. "तुम्ही आणा."

परीक्षा झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. जायच्या दिवशी हेडमास्तर शाल-नारळ घेऊन एस.टी.च्या थांब्यावर आले. मास्तरांनी हात पुढे केला नाही. "माझा निरोप झालाय की," ते म्हणाले. "भाषणसुद्धा झालं." मग माझ्याकडे वळले. "चांगलं बोलला होतात तुम्ही."

"मास्तर, मला खरंच माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि वहिनींच्या हातातली वळकटी घेऊन गाडीत चढले.