मामा 'रिह्याला' म्हणाला होता

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपुढं नाही, नवऱ्यापुढं नाही, आणि ज्याचं आयुष्य त्यात गेलं त्या मामापुढं तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

आधी घर सांगते. मुळशीत पिरंगुटच्या वर डोंगरात आमची धनगरवाडी. मी रांगत होते तेव्हा बाप गेला आणि आई मला घेऊन भावाकडं आली, ती कायमची. कुडाचं घर. पावसाळ्यात निम्म्या घरात आम्ही, निम्म्यात शेरडं. माझ्या दप्तराला शेरडांचा वास यायचा, शाळेत मुली बाकावर सरकून बसायच्या. मामानं लग्न केलं नाही. पोरीला शिकवायचं हे त्यानं एकट्यानं ठरवलं आणि त्यापायी कळपातल्या चांगल्या पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, एकेक करून बाजारात गेल्या. वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. पुण्याला, कायद्याच्या कॉलेजात. त्याचा मला अभिमान होता — अजून आहे.

मामाला एक सवय होती. खरं तर वाडीतल्या सगळ्याच जुन्या माणसांना होती, पण त्याला जास्त. शेरडं घेऊन निघताना कुणी विचारलं, कुठं निघालास, तर तो कधीच सरळ सांगायचा नाही. चाऱ्याची वाट बोलून दाखवली की चारा दुसऱ्याच्या कळपाच्या पोटात जातो, असं त्याचं म्हणणं. मग उलटी दिशा सांगायची. पश्चिमेला रिहे, पूर्वेला भूगाव. मामा 'रिह्याला' म्हणाला की आई निवांत भाकरी बांधायची आणि मला म्हणायची, "जा, भूगावच्या अंगाला असंल तुजा मामा." आणि तो तिथंच सापडायचा. पुढं पुढं शेरडं नसली, नुसता दुकानाला निघाला, तरी उलटंच. घरात या बोलण्यानं कुणीच फसत नव्हतं. मग त्याला खोटं म्हणायचं का?

तेव्हा भूगावच्या बाजूला प्लॉट पडत होते. ज्या माळावर शेरडं चरायची त्याला तारेचं कुंपण झालं आणि किसन नावाचा एक माणूस तिथं राखणीला आला. मामाची दोन शेरडं तारेखालून आत गेली. किसननं ती बांधून ठेवली. शिवीगाळ झाली, मामा हात हलवत परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाला तोडायचा कोयता कमरेला लावून तो एकटाच निघाला. मी सुट्टीला घरी आले होते, दारात भांडी घासत होते. विचारलं, कुठं?

"रिह्याला जाऊन येतो, बाय."

दुपारी पोलीस आले. भूगावात किसनशी झटापट झाली होती. किसनच्या हातात काठी होती, मामाच्या कमरेला कोयता. वार एकच. किसन जागीच गेला. त्याला बायको होती, ती पुढं प्रत्येक तारखेला कोर्टात पहिल्या बाकावर यायची. तिचं दुःख मी या कागदावर कमी करून लिहीत नाही.

मामानं मारलं, यात वाद नव्हताच. वाद एवढाच होता की ठरवून मारलं का. भांडणात हात सुटला तर तो सदोष मनुष्यवध, काही वर्षांनी माणूस घरी येतो. आधीपासून मनात धरून गेला असेल तर खून. आणि 'मनात धरून' हे सिद्ध करायला सरकारी वकिलांकडं होतं काय? आदल्या दिवसाचं भांडण. कोयता — पण कोयत्याशिवाय धनगर घरातून निघतो कधी? राहिलं ते मामाचं माझ्याशी बोललेलं वाक्य. घरच्या पोरीपासूनसुद्धा जो जायची जागा लपवतो, त्याचा बेत आधीच झालेला असतो, असं त्यांचं म्हणणं. त्या वाक्याची साक्षीदार मी. पोलिसांना जबाबात ते मीच सांगितलं होतं.

मामाचे वकील म्हातारे होते, मोफत मिळालेले. पण माणूस हुशार. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या बाहेर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी आई सांगत होती, हा गडी रोजच उलटी दिशा सांगतो. तेवढं उलटतपासात खरं खरं सांग. रोज खोटं बोलणाऱ्याच्या त्या एका दिवसाच्या खोट्याला वजन राहत नाही." मी मान हलवली. मला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्याच वर्षी आम्हाला खुनाचं प्रकरण शिकवलं होतं आणि त्यात माझे मार्क वर्गात सगळ्यांत जास्त होते.

मग मी साक्ष द्यायला उभी राहिले. आणि मागच्या बाकांवर माझ्या वर्गातल्या दोन मुली बसलेल्या दिसल्या. खटला बघायला येतात तशा आल्या होत्या. त्यांना मी सांगितलं होतं की मी भूगावची, आमची शेती आहे, घर आहे. वाडी, शेरडं, कूड — यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. दिशा चुकवून सांगायची सवय मलाही होती, फक्त माझ्या सांगण्यानं लोक खरंच फसत होते.

वकिलांनी विचारलं, "तुमचे मामा घरातून निघताना नेहमीच खोटं ठिकाण सांगत, हे खरं ना?"

काय म्हणायचं होतं मला? हो, आमच्यात असंच बोलतात. आमची अख्खी वाडी खोटं बोलते. मला आधीच हसू ऐकू यायला लागलं — कुणी हसलेलं नसताना.

मी म्हणाले, "हे म्हणणं खरं नाही. माझे मामा कधीच खोटं बोलत नाहीत."

शुद्ध मराठीत म्हणाले. मान वर करून. वकिलांनी तोच प्रश्न फिरवून विचारला. मी तेच उत्तर दिलं. गोंधळले नव्हते. घाबरलेही नव्हते. त्या उत्तरानं काय होणार हे त्या कोर्टात मला आणि दोन वकिलांना कळत होतं.

पुढच्या तारखेला आई साक्षीला आली. ती न लाजता बोलली. "सायेब, त्यो कवाच सरळ सांगत न्हाई. रिह्याला म्हणला की आमी भूगाव समजायचं. समद्या वाडीला ठावं हाय." कोर्टात लोक हसले. म्हणजे मी ऐकलेलं हसू खरंच होतं, फक्त ते आईच्या वाट्याला गेलं. निकालात लिहिलं होतं की बहिणीचं सांगणं भावाला वाचवण्यासाठी आहे, शिकलेल्या भाचीची साक्ष विश्वासार्ह आहे. कधीच खोटं न बोलणारा माणूस नेमका त्या सकाळी खोटं बोलला, याचा अर्थ उघड आहे. खून. जन्मठेप.

त्या सकाळी मामा माझ्याशी खोटं बोललाच नव्हता. तो भूगावला चाललाय हे मला तेव्हाच, भांडी घासतानाच, समजलं होतं. तो तिथं शेरडं सोडवायला निघाला होता की किसनला मारायला, हे मला माहीत नाही. कदाचित दुसरंही असेल. पण लपवायला तो 'रिह्याला' म्हणाला नव्हता, एवढं मला माहीत होतं, आणि तेवढंच मला विचारलं होतं.

आईनं मला जाब विचारला नाही. "तू कायदा शिकलेली," एवढंच म्हणाली, "तू म्हणलीस म्हंजी त्यात काय तरी असंल." पोलिसांच्या गाडीत चढताना मामा वाडीच्या लोकांना म्हणाला, "पोरीनं माजी अब्रू राखली." मी दोघांनाही दुरुस्त केलं नाही.

मध्ये एकदा तो काही दिवसांच्या रजेवर घरी आला. सकाळी उरलीसुरली शेरडं घेऊन निघाला, आईनं विचारलं, कुठं. म्हणाला, "रिह्याला." आई सवयीनं भाकरी घेऊन भूगावच्या वाटेला गेली, उन्हात सगळा माळ हिंडली आणि तशीच परत आली. संध्याकाळी चिडून म्हणाली, "म्हातारपणी चळ लागला व्हय रं तुला? सरळ सांगतुयास ते?"

मामा माझ्याकडं बघून हसला. "हिनं भर कोर्टात सांगितलंय, मामा खोटं बोलत न्हाई. मग आता बोलून कसं चालंल?"

मी उठून शेरडांना पाणी दाखवायला गेले.

रजा संपल्यावर तो वेळेवर परत गेला. अजून आतच आहे. त्याच्याविरुद्धच्या खटल्यात बेत सिद्ध झाला तो माझ्या साक्षीनं. मी वकील झाले. आमच्या वाडीतून झालेली पहिली.