आड येणारी फांदी

ओल्या सुतळीचा वास आला की चारकोपच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागची छोटी बाग आठवते. तिथे अनंताच्या झाडाला शिंजीर पक्ष्याच्या मादीने घरटं टांगलं होतं. अंगठ्याएवढी ती पाखरी पिल्लांना भरवायला यायची, पण कॅमेऱ्यातून बघताना पानांची एक फांदी नेमकी आड यायची. "कापू का, बाबा?" मी विचारलं. "वेडी का तू? आडोसा आहे तो त्यांचा," असं म्हणत बाबांनी ती फांदी ओल्या सुतळीने हलकेच बाजूला बांधली. "तुझं झालं की लगेच सोड हं." ऊन थेट घरट्यावर आलं, आणि पिल्लांच्या उघड्या केशरी चोची, आईच्या चोचीतली अळी, सगळं लख्ख दिसलं. मी फोटो बघायला आत गेले आणि तिथेच रमले. संध्याकाळी कावळ्यांचा कलकलाट ऐकून बाबा धावले, तोवर घरटं फाटून लोंबत होतं आणि पिल्लं नव्हती. बाबा गाठ सोडू लागले. "गाठ मी सोडायची होती, बाबा." "अगं, तू फोटोत रमणार हे मला ठाऊक नव्हतं का? मीच बघायला हवं होतं." परवा बाबांच्या तेराव्यासाठी माझ्या लॅपटॉपवर त्यांचा एखादा बरा फोटो शोधताना मावशी त्या घरट्याच्या फोटोपाशी थांबली. "किती स्वच्छ आलाय गं! कसा काढलास?" बाबांनी मदत केली होती, असं मी म्हणाले, आणि पुढचा फोटो उघडला.