परंतुकाचा पालक

आमच्या कामाच्या खोलीत त्यांना सगळे ह्रस्वराव म्हणायचे. एक तर उंची बेताची, आणि त्यात बावीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासून त्यांना कुणाचंही ह्रस्वदीर्घ चुकलेलं सहन व्हायचं नाही. जिन्यातल्या ‘थुंकु नये’ या पाटीचा उकार त्यांनी स्वतः खडूने दीर्घ केला होता. थुंकणारे थांबले नाहीत, पाटी तेवढी शुद्ध झाली. ते नाव मीच ठेवलं होतं. त्यांना लागायचं ते, मला दिसायचं. तरी मी ते मागे घेतलं नाही, कारण सगळे हसत होते.

छापखाना बंद पडला तेव्हा बहुतेकांना घरी बसवलं. ह्रस्वराव आणि मी, आम्हा दोघांना एका नव्या कामावर हंगामी म्हणून घेतलं. देशाची राज्यघटना संगणकाला समजेल अशी करायची, हे ते काम. टाइप करून ती संगणकात केव्हाच गेली होती, पण संगणकाच्या लेखी ती नुसती अक्षरं होती. कलम कुठे संपतं, खंड कुठे सुरू होतो, ही अट नेमकी कुणाला लागू, हे त्याला कळत नव्हतं. म्हणून एकेक तुकडा सुटा करायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि पुढे एक रकाना भरायचा. रकान्याचं नाव ‘पालक’. खंडाचा पालक कलम, कलमाचा पालक प्रकरण. पालक प्रत्येकाला हवाच आणि एकच हवा. रकाना मोकळा सोडला तर पुढचं पान उघडायचं नाही.

“एखादा अनाथ चालत नाही का?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

ही सगळी मांडणी ज्यांनी बांधली होती त्या कॉम्प्युटरवाल्या बाईंना हसू आलं नाही. “अनाथ मजकूर म्हणजे चूक,” त्या म्हणाल्या.

मी छापील प्रत मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. ह्रस्वराव पडद्यावर बोट ठेवून बघायचे. जुळलं की पडताळणीच्या पानावर पहिली सही त्यांची, दुसरी माझी. खोली तळघरात होती, एक खिडकी छताला टेकलेली, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. दिवसाला सात-आठ कलमं व्हायची. कंटाळवाणं काम होतं, पण ह्रस्वरावांचा चेहरा मात्र उजळलेला असायचा. बावीस वर्षं त्यांनी ही घटना आवृत्तीमागून आवृत्ती तपासली होती. ते म्हणायचे, आता कुठे तिची हाडं मोजायला मिळतायत.

कलम एकशे बाराला आम्ही अडलो. त्यात दोन खंड होते. खंड एक: हंगामी कर्मचाऱ्याला सरकार कामावरून काढू शकेल. खंड दोन: कायम कर्मचाऱ्याला सरकार कामावरून काढू शकेल. त्याखाली नव्या ओळीवर एक अट होती: ‘परंतु, संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून काढता येणार नाही.’ अशा ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटीला परंतुक म्हणतात. आजवर सगळी खाती हंगामी असो की कायम, दोघांचंही ऐकून घेत आली होती. ओळ समासापासून किती आत आहे, इकडे कोण बघतंय? पण आता रकाना भरायचा होता. परंतुकाचा पालक कोण? आख्खं कलम, की फक्त खंड दोन?

छापील प्रतीत ती ओळ खंड दोनच्या खाली, अर्धा इंच आत होती. म्हणजे पालक खंड दोन. म्हणजे ऐकून घ्यायचं ते फक्त कायम असलेल्यांचं.

“हे आत ढकललंय कुणीतरी,” ह्रस्वराव म्हणाले. “पहिल्या आवृत्तीत असं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते अभिलेखागारात गेले. मूळ हस्तलिखित तिथे काचेच्या पेटीत असतं. दोन तास विनवण्या केल्यावर तिथल्या माणसाने हातमोजे घालून पान उलटलं. मूळ प्रतीत परंतुक कलमाच्या समासाला लागूनच सुरू होत होतं, अगदी पट्टी लावल्यासारखं. ह्रस्वराव फोटो घेऊन धावतच परत आले. मला दाखवला. मी बघितल्यासारखं केलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि माझा डबा अजून उघडायचा होता.

ते प्रकल्पप्रमुखांच्या टेबलापाशी उभे राहिले. केबिन नव्हती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

“छापील प्रत प्रमाण मानायची असं ठरलंय,” प्रमुख म्हणाले. “विधी खात्याची सही आहे त्यावर.”

“साहेब, अर्धा इंच कंपोझिटरची चूक आहे. कुठल्या तरी आवृत्तीत ओळ बसवताना झाली आणि पुढे तशीच छापत गेले. मीही तशीच तपासत गेलो.”

“म्हणजे बावीस वर्षं तुम्हाला दिसली नाही आणि आज दिसली.”

कोणीतरी हसलं. मीही.

“पालक बदलला तर कलम परत विधी खात्याकडे जाणार. दोन महिने. उद्घाटनाला मंत्री येतायत, त्यांना काय सांगू? अर्धा इंच कमी पडला म्हणून?” प्रमुखांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, म्हणजे फारसं बघावं लागलं नाही. “आणि हंगामी लोकांची एवढी काळजी कशाला? तुमची मुदतवाढ याच महिन्यात आहे ना?”

“हो साहेब.”

“मग सही करा. नसेल करायची तर तसं सांगा, दुसऱ्या कुणाची घेतो.”

ह्रस्वराव जागेवर येऊन बसले. पेन उघडलं. मग त्यांनी सही केली, नियमाप्रमाणे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पान माझ्याकडे सरकवलं. त्यांच्या सहीखाली मी माझी केली आणि पुढचं कलम वाचायला घेतलं.

उद्घाटन झालं. त्यानंतर सगळी खाती त्या व्यवस्थेला जोडली. कुणाला कामावरून काढायचं असलं की आस्थापना लिपिकाने माहिती भरायची आणि कोणतं कलम, कोणती अट, ते यंत्रानेच काढून पत्र तयार करायचं. ह्रस्वरावांना मुदतवाढ मिळाली, मलाही मिळाली.

ह्रस्वराव त्यांच्या ताईकडे राहायचे. म्हणजे घर ताईचं, आणि ते लहानपणापासून तिथेच. आई गेली तेव्हा ताई दहा वर्षांची आणि हे तीन वर्षांचे. ताईची शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पुढे छापखान्यात लागल्यावर ह्रस्वराव रद्द मुद्रितं घरी आणायचे आणि त्यावरून तिला पुन्हा वाचायला शिकवायचे. ताई एकोणीस वर्षं सरकारी रुग्णालयात हंगामी आया होती. वॉर्डात तिला सगळे ओळखायचे, आणि आवाज असा की दोन मजले ऐकू जावा.

उद्घाटनाला सात महिने झाले असतील. ताईच्या वॉर्डातला एक म्हातारा रुग्ण कॉटवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. नातेवाइकांनी तक्रार केली, आया जागेवर नव्हती. खरं तर सिस्टरनेच ताईला शेजारच्या वॉर्डात चादरी बदलायला पाठवलं होतं आणि तशी नोंद वॉर्डाच्या वहीत होती. ताईला एवढंच सांगायचं होतं. दोन मिनिटांचं काम. पण तिला कुणी बोलावलंच नाही, थेट पत्र आलं.

पुढचं मला ह्रस्वरावांनी स्वतः सांगितलं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. ‘सुनावणीची आवश्यकता: नाही. आधार: कलम एकशे बारा, खंड एक. परंतुक: लागू नाही.’

“काय म्हणतायत?” ताईने विचारलं.

“काहीतरी गोंधळ आहे. उद्या जाऊ आपण.”

सकाळी दोघं रुग्णालयाच्या आस्थापना विभागात गेले. लिपिक भला माणूस होता, ताईला वर्षानुवर्षं ओळखणारा. त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला.

“मलाही वाटतं हो ताई, तुमचं ऐकून घ्यावं. पण हे बघा, सुनावणीची तारीख टाकायचा रकानाच उघडत नाही. मी तीनदा करून बघितलं.”

“का उघडत नाही?”

“नियमच तसा घातलाय आत.” त्याने कलमावर बोट दाबलं, आणि कलमाखाली बारीक अक्षरांत पडताळणीची नोंद उघडली.

ताई पडद्याजवळ वाकली. ती सावकाश वाचायची, एकेक अक्षर जोडत. आधी भावाचं नाव वाचलं, मग वडिलांचं. वडील दोघांचे एकच. आडनावापर्यंत ती गेलीच नाही.

“हा तूच का?” तिने विचारलं. तो आवाज लिपिकालाही नीट ऐकू आला नसेल.

“ताई, मला सांगितलं होतं की...”

“तुला माहीत होतं?”

ह्रस्वरावांनी पडदा परत लिपिकाकडे वळवला.

“म्हणजे माहीत होतं.” ताईने पिशवी उचलली आणि ती पुढे निघाली. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती, तरी ती पुढे जाऊन उभी राहिली.

त्याच दिवशी दुपारी ह्रस्वराव प्रमुखांकडे गेले. यावेळी कोणी हसलं नाही. प्रमुखांनी त्यांना त्रुटीचा अर्ज दिला. पडताळणी झालेला मजकूर बदलायचा तर पहिल्या सहीकर्त्याने लिहून द्यावं लागायचं: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे सदर चूक राहिली.’ फोटो जोडला तरी ते वाक्य हवंच.

“चूक मी तेव्हाच दाखवली होती, साहेब.”

“लेखी आहे कुठे?”

लेखी कुठेच नव्हतं. ह्रस्वरावांनी ते वाक्य लिहिलं. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

विधी खात्याला दोन महिने लागायचे होते. अकरा दिवसांत दुरुस्ती झाली. परंतुकाचा पालक खंड दोन होता, तो आता कलम एकशे बारा झाला. खाली तळटीप आली: दुरुस्ती आजपासून लागू. मधल्या सात महिन्यांत न ऐकता काढलेले तीनशे चाळीस हंगामी लोक होते. कॉम्प्युटरवाल्या बाईंनीच यादी काढली होती. त्यांतल्या कुणालाही परत बोलावलं नाही, कारण ज्या दिवशी काढलं त्या दिवशी नियम तसाच होता. ताई दोनशे सतरावी होती.

निष्काळजीपणा लिहून दिल्यामुळे ह्रस्वरावांना काढायचं ठरलं. पण आता परंतुक हंगामी लोकांनाही लागू होतं. दुरुस्तीनंतर सुनावणी मिळालेले ते पहिले. प्रमुख, विधी खात्याचा एक माणूस आणि पाण्याचा जग, एवढं त्या टेबलाशी होतं. दुसरी सही माझी, म्हणून मलाही बोलावलं.

“चुकीची तुम्हाला कल्पना होती?” विधी खात्याच्या माणसाने मला विचारलं.

मी ह्रस्वरावांकडे बघितलं नाही. “मी फक्त वाचून दाखवायचे,” मी म्हणाले. “जुळवायचं काम त्यांचं.”

“बरोबर आहे त्यांचं,” ह्रस्वराव म्हणाले. “त्यांना काही माहीत नव्हतं.”

चार मिनिटांत आटोपलं. पत्र आधीच छापून ठेवलेलं होतं, फक्त सुनावणीची तारीख हाताने भरायची राहिली होती.

घरी जाऊन त्यांनी ताईला सांगितलं की आपलंही गेलं. त्यांना वाटलं होतं, निदान आता ती बोलेल. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“तुला बोलावलं तरी,” ती म्हणाली, आणि राहिलेल्या दोन घड्या घालून आत गेली.

महिन्याभरात ती एका बड्या घरात, अंथरुणाला खिळलेल्या बाईची शुश्रूषा करायला गेली. राहणं तिथेच. घराची किल्ली तिने त्यांच्या हातात न देता शेजाऱ्यांकडे ठेवली. ह्रस्वराव आता औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं तपासतात, घरी बसून, नगावर. अक्षर इतकं बारीक असतं की भिंग लागतं. मध्यंतरी ते मला बाजारात दिसले. मी हाक मारणार होते, पण त्यांचं खरं नाव मला पटकन आठवेना आणि ठेवलेलं नाव तोंडात येईना. तोवर ते रस्ता ओलांडून गेले.

माझी मुदतवाढ या महिन्यात पुन्हा झाली. सध्या फौजदारी कायदा चालू आहे. पहिली सही आता माझी असते.