सगळ्या मंडळीने ऐकलेलं

आमच्या चर्चची मंडळी लहान. बहुतेक घरं मूळची नगर-जालन्याकडची, पोटापाण्यासाठी पुण्यात आलेली. कुणी नर्स, कुणी शिक्षक, कुणी कारखान्यातून निवृत्त झालेले आणि अलीकडच्या वर्षांत माझ्या नवऱ्यासारखे आयटीतले काही. आम्ही बिबवेवाडीत राहायचो. मी मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, तो हिंजवडीला कंपनीत होता. एक मुलगी, तेव्हा सातवीत.

टाळेबंदी लागली तशी चर्चच्या फाटकालाही कुलूप लागलं. पाळकसाहेब साठीकडे झुकलेले, मोबाइलचा उपयोग फोन करण्यापुरता. पहिल्या रविवारी त्यांनी उपदेश रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवला, तर त्यात त्यांच्यापेक्षा घरातल्या कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू आल्या. मग माझा नवरा पुढे आला. तो मंडळीचा पंच होता, म्हणजे कारभार पाहण्यासाठी मंडळीने निवडून दिलेल्यांपैकी एक. त्याने कंपनीच्या मीटिंगसारखी रविवारची लिंक तयार केली. शनिवारी दुपारी एकेका म्हातारीला फोन करून तो शिकवायचा. "काकू, खाली लाल दिसतंय ना, ते दाबायचं नाही. त्याच्या शेजारचं. घाई नाही, मी थांबतो." मी भाकरी थापताना ते ऐकायचे. इतका मऊ आवाज त्या घरात मी माझ्यासाठी क्वचितच ऐकला होता.

तो प्रार्थनाही फार सुंदर करायचा. आजारी लोकांची आठवण करताना तो एकेकाचं नाव घ्यायचा. बायका मला मेसेज करायच्या, "वहिनी, तुम्ही भाग्यवान. घरातच देवाचा माणूस आहे." मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवायचे.

घरातलं काय होतं ते सांगते. मारणं रोजचं नव्हतं. रोजचं होतं ते बोलणं. माझं शिक्षण, माझे वडील, माझी शाळा, माझा रंग. पूर्वी तो सकाळी बसने जायचा आणि रात्री थकून यायचा, तेवढी मला मोकळीक असायची. आता तो बेडरूममध्ये लॅपटॉप लावून बसलेला असायचा आणि मी मोबाइल भिंतीला टेकवून स्वयंपाकघरात बे एके बे घ्यायचे. मुलांचा गलका वाढला की तो आतून टेबलावर हात आपटायचा. मग मी मुलांना म्हणायचे, आज फक्त लिहू या.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. प्रत्येकाने आपापल्या घरी भाकर आणि द्राक्षारस तयार ठेवायचा, पाळकसाहेब तिकडून प्रार्थना करणार आणि सगळ्यांनी एकदम घ्यायचं, असं ठरलं होतं. द्राक्षारस म्हणून मी काळ्या मनुका उकळून गाळून ठेवल्या. पाव मात्र आदल्या दिवशी मिळालेला, त्याला सकाळी बुरशी. दुकानं बंद. मी ताजी पोळी केली, तिचे तुकडे केले आणि स्टीलच्या ताटलीत लॅपटॉपजवळ ठेवले.

त्याने मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना केली. पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला. त्याने कॅमेरा बंद केला. माइकही बंद केला असं त्याला वाटलं. मग त्याचं लक्ष ताटलीकडे गेलं.

"हे काय आहे?"

"पाव खराब झाला होता."

"आणि मी आता सगळ्यांसमोर पोळी धरून बसू? तुझ्या बापाच्या घरी शिळ्या पोळ्यांवर दिवस काढलेस, तेच इथे आणलंस. अक्कल शाळेत ठेवून येतेस का, मास्तरीण?"

त्याने ताटली उडवली. ती भिंतीवर आपटून फरशीवर गरगरत राहिली. मग त्याने माझा दंड धरला आणि मी जे नेहमी म्हणायचे ते म्हणाले, अगदी खालच्या आवाजात, समजूत काढल्यासारखं.

"हळू बोला. पोरगी ऐकेल. नंतर मारा हवं तर, आता उपासना आहे."

पाळकसाहेब बोलायचे थांबले होते. स्क्रीनवरच्या चौकटींतले चेहरे हलत नव्हते. काही जणांनी मान खाली घातली होती. मग पाळकसाहेबांचा आवाज आला, "बंधू, तुमचा माइक सुरू आहे."

तो एका क्षणात सावरला. "सॉरी पाळकसाहेब, घरात टीव्ही चालू राहिला होता."

 पाळकसाहेबांनी उपदेश पुढे चालू केला. मी फरशीवरचे तुकडे गोळा केले. प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा त्याने कॅमेरा लावला आणि आम्ही तिघांनी तीच पोळी घेतली. माझी नजर लॅपटॉपच्या कडेवर होती.

त्याने जे केलं त्याची लाज त्याला वाटायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण लाज माझ्या वाट्याला आली. त्याच्या शिव्यांचीही नाही, माझ्या त्या एका वाक्याची. ते वाक्य इतकं सरावाचं होतं, की ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं असणार, हे पहिल्यांदा घडत नाहीये. भर रस्त्यात अंगावरचं लुगडं सुटावं तसं मला झालं होतं, आणि रस्त्यातली सगळी माणसं ओळखीची.

दुपारभर फोन वाजला नाही. ग्रुपवर नेहमीसारखी फुलं आणि वचनं आली. संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "वहिनी, लॉकडाऊनमध्ये सगळ्याच घरी भांडी वाजतात. मनावर घेऊ नका." मी म्हणाले, "टीव्ही होता." त्या म्हणाल्या, "हो, तेच."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी त्याला फोन केला आणि मला द्यायला सांगितलं. त्याने स्पीकर लावला.

"मला ताईंशी एकट्यांशी बोलायचं होतं," पाळकसाहेब म्हणाले.

"आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, साहेब."

"बरं," म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

मग पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकबाई, आल्या. चर्चच्या आवारातल्या त्यांच्या घरापासून चालत, उन्हातून, तोंडाला ओढणी बांधून. आमच्या सोसायटीत बाहेरच्या माणसाला सोडत नव्हते, म्हणून वॉचमनने मला खाली बोलावलं. फाटकाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या.

"पाळकसाहेबांनी पाठवलं का?" मी विचारलं.

"त्यांनी नाही पाठवलं. मी ऐकलं, म्हणून आले."

"बाई, टीव्ही होता."

"टीव्हीत तुझा आवाज कसा आला?"

मी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. त्यांनी पुढे खोदून विचारलं नाही. म्हणाल्या, "आमच्या घराची मागची खोली रिकामी आहे. दार आवारातून वेगळं आहे. आत्ता ये म्हणत नाही. आहे, एवढं लक्षात ठेव." मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. वर आले तेव्हा तो दारातच उभा होता. "कोण होतं?" मी म्हणाले, मीठ संपलं होतं, दुकान उघडं आहे का विचारायला गेले होते. त्या दोन वाक्यांच्या मदतीलाही मी मिठाच्या नावाखाली लपवलं.

आठवड्याच्या शेवटी पंचांची सभा झाली. तीही त्याच्याच लिंकवर, आमच्याच बेडरूममध्ये. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता.

पाळकसाहेब म्हणाले, "यांनी सध्या प्रार्थना चालवू नये असं माझं मत आहे. हे त्यांच्यासमोर बोलतोय, मागे नाही."

एक ज्येष्ठ पंच होते, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी घसा साफ केला. "पाळकसाहेब, हा घरातला प्रश्न आहे. आपण त्यात किती शिरायचं? आणि लिंक कोण चालवणार? तुम्ही?"

"मला येत नाही."

"मग?"

"मग लिंक नको."

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं पाळकसाहेब रागाने बोलताहेत. पण त्या रविवारी लिंक आलीच नाही. सकाळी पाळकसाहेबांनी घरोघरी फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येक घरी एक स्तोत्र वाचायचं, घरच्यांची विचारपूस करायची, प्रार्थना करायची. उपासना संध्याकाळपर्यंत चालली. आमच्याकडे फोन आला तेव्हा त्याने उचलला नाही. मुलीने उचलला आणि मला दिला. पाळकसाहेबांनी स्तोत्र वाचलं. आवाज पार बसला होता.

मंडळीला हे आवडलं नाही. तरुण मंडळी म्हणाली, जग कुठे चाललंय आणि आपण कुठे. दोन-तीन घरं दुसऱ्या मोठ्या चर्चच्या उपासना पाहू लागली, तिथे गिटार होतं, पडद्यावर गाण्याचे शब्द येत. एका बाईने मला सरळच सांगितलं, "माझ्या सासूबाई रविवारी सगळ्यांचे चेहरे बघून खूश व्हायच्या. तुमच्या घरच्या भानगडीपायी तेवढंही गेलं." त्या सासूबाई पुढे दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांच्या दफनाला चारच माणसं जाऊ शकली. मला वाटलं, मी ती ताटली झेलायला हवी होती.

मी पाळकसाहेबांना शाळेच्या वर्गाच्या वेळात फोन केला, मुलांना शुद्धलेखन देऊन. म्हणाले, "साहेब, लिंक सुरू करा. माझ्यामुळे मंडळी मोडतेय."

 ते म्हणाले, "ताई, त्या रविवारी तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं. आणि उपदेश पुढे चालू ठेवला. क्षमेवर बोलत होतो, कागद समोर होता, तो वाचून संपवला. मंडळी मोडायची असेल तर ती तिथे मोडली."

मला त्यांच्या बोलण्याने बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी कासावीस झाले, की या भल्या माणसालाही माझ्यापायी मान खाली घालावी लागली. पण फोन ठेवल्यावर मी मुलीला हाक मारली आणि तिची पुस्तकं भरायला सांगितली. तिने कुठे जायचं हे विचारलं नाही. ती आधीच चपला शोधत होती. तो मीटिंगमध्ये होता, कानाला हेडफोन. आम्ही दार ओढून घेतलं.

मागच्या खोलीत आम्ही वर्षभर राहिलो. मुलीची झोप तिथे सुधारली. पाळकबाईंनी कधी काही विचारलं नाही, फक्त भाजी जास्त झाली की वाटी पाठवायच्या, आणि ती रोजच जास्त व्हायची. नवऱ्याने मधल्या काळात पंचांसमोर क्षमा मागितली. माझ्यासमोर नाही. नंतर तो दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागला. तिथे त्याची प्रार्थना लोकांना आवडते असं ऐकते. मी शाळेजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

चर्च उघडलं तेव्हा गेलेली सगळी घरं परत आली नाहीत. जी आली ती माझ्याशी नीट वागली, जरा जास्तच नीट, जशी एखाद्या आजारातून उठलेल्या माणसाशी वागतात.

पुढे पाळकसाहेबांची बदली झाली. निरोप समारंभाला हार, शाल, भाषणं. महामारीत त्यांनी घरोघरी धान्य पोचवलं, दफनांना एकटे उभे राहिले, सगळं बोललं गेलं. बंद केलेल्या लिंकबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सूत्रसंचालक म्हणाले, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर यावं." मी काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते. शाळेत रोज चाळीस पोरांसमोर बोलते. पण उठले असते तर सगळ्यांना पुन्हा ते वाक्य ऐकू आलं असतं, असं वाटलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत मी बसून राहिले. सूत्रसंचालकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि आभार मानायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सामानाचा टेम्पो आला. मी शाळेला रजा टाकून गेले, भांड्यांची खोकी बांधून दिली, पलंग सोडवायला हात लावला. पाळकसाहेब ड्रायव्हरशेजारी बसले. मी जवळ जाऊन म्हणाले, "काल बोलायचं होतं मला."

"माहितीय," ते म्हणाले, आणि सरकून पाळकबाईंना जागा करून दिली.