जेलवाल्याची मुलगी

नोकरीत हजार तोंडं पाहिली, पण एका मुलीचं ताठ मानेनं समोर बसणं अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधीचं नवरात्र. माझं ठाणं भोपाळच्या अयोध्या नगर भागात. भर दुपारी एका पाळणाघरातून सहा वर्षांची मुलगी नाहीशी झाली. आईबाप मराठी, दोघंही इंजिनिअर, आणि वेगळे राहणारे. मुलीला कुणी न्यायचं यावरून त्यांची फाटकातच जुंपली आणि त्या आरडाओरड्यात पोर गायब. लहान मूल हरवलं की आम्ही वाट बघत नाही, थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवून नाकाबंदी लावतो. तशी लावली.

तेवढ्यात निनावी फोन आला. पाळणाघरातल्या आयाला धरा, तिचा बाप चोरीत जेलमध्ये आहे. माझे दुय्यम अधिकारी लगेच म्हणाले, “खून का असर है, साहब.” म्हणजे रक्ताचाच गुण.

आयाला आणलं. वीस-बावीसची पोरगी. महिला शिपाई शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. अशा वेळी माणसं रडतात, नाहीतर देवाच्या शपथा घेतात. हिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

“बाप जेलमें है?” मी दरडावलं.

“हो. नोकरी धरतानाच मी ते सांगितलंय,” ती चक्क मराठीत म्हणाली. माझ्या छातीवरच्या पाटीवरचं मराठी आडनाव तिनं वाचलं होतं. “मला बंद करायचं तर करा साहेब, पण आधी पोरीला शोधा.”

“मराठी कुठं शिकलीस?”

“इथंच, भोपाळच्या सोनागिरी भागात, शेजारच्या मराठी काकूंकडे. बाप पिऊन आईला मारायला लागला की मी तिकडे पळायचे. काकू कधी ‘का रडतेस’ विचारायच्या नाहीत. ‘आलीस? हात धू, मटार सोल,’ म्हणायच्या. भोंडल्यात मला फेरात पुढं उभं करायच्या. घरी मी मनहूस होते, पण तिथं माझं ताट असायचं. म्हणून सांगते, घाबरलेलं लेकरू लांब जात नाही. जिथं त्याला कुणी ‘ये गं’ म्हणतं, तिथं जातं. या पोरीला असं कोण म्हणतं, विचारा तिच्या आईबाबांना.”

मी दोघांना आत बोलावून विचारलं. आई म्हणाली, ‘त्यांना विचारा,’ बाप म्हणाला, ‘हिला विचारा.’ इंजिनिअर म्हणे!

शेवटी आयाच म्हणाली, “घट बसल्यापासून ती सारखी भोंडल्याची गाणी गुणगुणतेय. मला खिरापत ओळखायला लावतेय. भोंडल्याला ती जायची कुठं?”

आईचा चेहरा उतरला. “जुन्या घरमालकीणबाईंकडे. पाळणाघराच्या मागच्याच गल्लीत. यंदा मी नको म्हटलं. तिथं गेली की घरी यायलाच तयार नसायची.”

भोंडला म्हणजे काय हे माझ्या हिंदीभाषक सहकाऱ्यांना कळेना. समजावत बसायला वेळ कुणाला होता? जीप काढली. घरमालकीणबाई बाजारात गेलेल्या, दाराला कुलूप. मागच्या पायरीवर पोर चपला काढून शहाण्यासारखी बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, “आजी कधी येणार?” माझा जीव भांड्यात पडला.

आणि पाळणाघराचा मालक काय म्हणाला असेल? “या आयाला आता कामावर ठेवता येणार नाही साहेब. लोक काय म्हणतील?”

“मी उद्या येणार,” ती म्हणाली. “ज्याला जे म्हणायचंय ते माझ्या तोंडावर म्हणू दे.”

मी मालकाला बजावलं, “काढायचं तर कारण लेखी द्या, आणि ते माझ्यासमोर द्या.” दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. ती कामावर होती.

खाण तशी माती म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडतो. त्यानंतर ठाण्यात कुणी तरुण पोरगं आलं की गुन्ह्याबद्दल बोलण्याआधी मी एकच विचारायचो, “लहानपणी तुला हाक मारून जेवायला कोण बसवायचं?” कुणी मावशी सांगे, कुणी मास्तर, कुणी चहावाला. अशा पोरांची मी आशा सोडली नाही, आणि बरीचशी सावरलीही. काहींना मात्र एकही नाव आठवायचं नाही. त्यांच्यावर काय चिडायचं? मी चिडतो त्यांच्या अख्ख्या गल्लीवर. एवढी दारं होती, एकानंही ‘ये’ म्हटलं नाही.