बघितलं की वाढणारा आकडा

मला एका जागी बसवत नाही. कोड लिहितानाही दर पाच मिनिटांनी उठते, गॅलरीत जाते, इंदिरानगरातली तीच समोरची बिल्डिंग बघते आणि परत येते. ही खोड मामाकडून आली, असं आई म्हणते. मामाची इथून तासाभरावर, दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे.

बागेतल्या यंत्रावरून रात्री पानं किती तास ओली होती ते कळतं. पानं ओली राहिली की डावणी रोग येतो, आणि धोका दिवसागणिक साठत जातो. मामासाठी मी फोनवर एक छोटा प्रोग्राम करून दिला. त्यातल्या फंक्शनला, म्हणजे हिशेब करणाऱ्या तुकड्याला, ओले तास द्यायचे, ते धोक्याचा आकडा सांगणार; धोका फार वाढला की आकडा लाल. आदल्या दिवसांची बेरीज ते स्वतःच्या पोटात ठेवायचं. ऑफिसात मी फंक्शनल प्रोग्रामिंगवर तावातावाने बोलते. फंक्शनने पोटात काही ठेवू नये, लागेल ते मागून घ्यावं, हे नव्या मुलांकडून घोकून घेते. घरच्या कामात मात्र म्हटलं, चालतंय.

ऐन फुलोऱ्यात मामाचा फोन आला, "आकडा लाल झाला." त्याने औषध मारलं. दोन दिवसांनी पुन्हा लाल, पुन्हा मारलं. त्या माऱ्याने फुलगळ झाली, चार-पाच ओळींतले घड विरळ राहिले. मामा म्हणाला, "वातावरणच लय खराब व्हतं." मला ते पटेना. त्या आठवड्यात इथे लख्ख ऊन होतं, कपडे दोन तासांत वाळत होते.

रविवारभर प्रोग्रामच्या नोंदी चाळल्या, चहा तीनदा गार झाला. मामाने एका दिवसात सतरा वेळा प्रोग्राम उघडला होता. दर वेळी फंक्शन चाललं आणि त्याच एका रात्रीचे ओले तास पुन्हा बेरजेत गेले. मला स्वतःची लाज वाटली. गप्प बसले असते तर सगळं वातावरणावरच गेलं असतं, आणि खरं सांगायचं तर तो विचार माझ्या मनात येऊन गेला.

फंक्शन नव्याने लिहिलं. आता कालचा आकडा आणि रात्रीचे ओले तास, दोन्ही त्याला बाहेरून द्यायचे. आजचा आकडा परत मिळतो, तो तारीख घालून बाहेरच लिहून ठेवायचा. फंक्शनला स्वतःची आठवणच नाही, त्यामुळे कितीदाही विचारा, उत्तर तेच. लिहायला वीस मिनिटं लागली. मामाकडे जायला गाडी काढायला दोन दिवस लागले.

तो बागेच्या कडेला बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे मी जेवढ्या बारी बघितलं, तेवढं वाढत व्हतं?"

"हो मामा. चूक माझी आहे."

मी फोन काढून त्याच्यासमोर नवा प्रोग्राम उघडत राहिले. पाचदा, दहादा. आकडा जागचा हलला नाही. मग फोन त्याच्यापुढे धरला, "आता तूच दाबून बघ."

मामाने हात मागे घेतला. "नको. तूच बघत जा. माझा हात नाय धजत आता."

तेव्हापासून रोज सकाळी आकडा मी बघते. नीट ठाऊक असूनही चार-पाच वेळा उघडते, मग त्याला फोन करून सांगते. तो "बरं" म्हणतो आणि फोन ठेवतो.